बोडक्या डोंगराचे पाहुणे

घाटाखालच्या एका गावाच्या पाठीशी एक भलामोठा डोंगर होता. ही गोष्ट राजेरजवाड्यांच्या काळातली आहे. तेव्हा त्या डोंगरावर रान होतं, आणि रान असं दाट, की भर दुपारी आत शिरलं तरी दिवेलागण झाल्यासारखं वाटावं.

पुढे राजाच्या मनात आलं, नवी राजधानी बांधायची. खांब हवेत, तुळया हव्यात, भट्ट्यांना कोळसा हवा. गावातल्या प्रत्येक हाताला काम मिळालं. सात वर्षं कुऱ्हाडी चालल्या. आठव्या वर्षी बघावं तर डोंगर न्हाव्यानं भादरल्यासारखा बोडका. लाल माती आणि खडक, मधूनमधून गवत.

आधी वानरं गेली. मग शेकरू गेलं. शेवटी धनेश गेले. धनेश म्हणजे हातभर चोचीचा मोठा पक्षी. चोचीवर आणखी एक चोच ठेवल्यासारखी पिवळी शिंगटी, आणि उडताना पंखांचा आवाज असा, की आभाळात कुणी लोहाराचा भाता चालवतंय. त्या गावातल्या म्हाताऱ्यांनी धनेशांचे थवे पाहिले होते, पोरांनी फक्त गोष्टी ऐकल्या होत्या.

पाखरं गेली त्याचं कुणाला फारसं वाटलं नाही. पण मग डोंगरातला झराही संक्रांतीलाच आटायला लागला. बायका हंडे घेऊन दोन कोस चालू लागल्या, तेव्हा गाव खडबडून जागं झालं.

गावचा प्रमुख होता आपा गावकर. त्यानं सगळ्यांना देवळापुढे बसवलं आणि म्हणाला, "डोंगरावर रान परत उभं करायला हवं. नाहीतर आणखी पाच-दहा वर्षांनी इथून बाडबिस्तरा उचलावा लागेल. बोला, कोण करणार?"

हळूहळू सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या. तिकडे साळू बसली होती.

साळू वांग्या-मिरच्यांची रोपं करून द्यायची. तिच्या हाताला असा गुण होता, की तिनं लावलेलं रोप मरायचं म्हणून नाही. मात्र बाई भलतीच टापटिपीची. तिचे वाफे सुतात आखल्यासारखे सरळ. त्यात तणाचं एक पातं दिसलं, की तिचा जीव वरखाली व्हायचा. दुसऱ्याच्या अंगणात गेली, तरी बोलता बोलता खाली वाकून गवत उपटायची. तिचा नवरा लखू टोपल्या विणायचा. तो हसून म्हणायचा, "हिच्यापुढे दाढी वाढवून बसायची सोय नाही. खुरपं घेऊन येईल."

"मी करते," साळू म्हणाली. "त्यात काय एवढं? मिरचीचं रोप काय नि झाडाचं रोप काय!"

दोन दिवसांच्या वाटेवर, दुसऱ्या खोऱ्यात, एक देवराई होती. देवाच्या नावानं राखलेली, कधी कुऱ्हाड न लागलेली. साळू आणि लखू तिथं गेले आणि टोपल्या भरभरून बिया घेऊन आले. नाण्याच्या, किंजळाच्या, रानजायफळाच्या. सगळी उंच, डौलदार झाडं. साळूनं अंगणात रोपं केली आणि पावसाळा लागताच डोंगरावर नेऊन लावली. सरळ ओळी, सारखं अंतर. आजूबाजूचं झाडझुडूप तिनं मुळापासून काढून टाकलं. दिवाळीला गाव वर जाऊन बघून आलं, आणि जो तो म्हणाला, "वा, साळू, वा!"

मग उन्हाळा आला. उघड्या माळावर ऊन असं तापलं, की दगडावर भाकरी भाजावी. मोठ्या झाडांची ती कोवळी रोपं, त्यांना जन्मभर आईच्या सावलीत वाढायची सवय. साळूनं घडेच्या घडे पाणी वाहिलं. खांद्याची सालं निघाली. पण चैत्र संपायच्या आत ओळीच्या ओळी करपून गेल्या. तीनशे रोपांतलं एकही हाती लागलं नाही.

साळू डोंगरावरच एका खडकाशी बसली आणि रडली. हाताला गुण असलेल्या बाईचं पहिल्यांदाच काही मेलं होतं, आणि तेही तीनशेच्या तीनशे.

रडून झाल्यावर तिनं पदरानं डोळे पुसले आणि समोर बघितलं. चार हातांवर एक वाळका बुंधा उभा होता. तोडणाऱ्यांनी अर्धवट सोडलेला, पुरुषभर उंच. त्याच्या बुडाशी हिरवंगार काहीतरी दिसत होतं. डोंगर भाजून निघालेला, आणि इथं हिरवं?

साळू जवळ गेली. सवयीनं तिचा हात तण उपटायला पुढे झाला, आणि तिथंच थांबला. ते नुसतं तण नव्हतं. करवंदाची जाळी होती आणि तोरणाचं काटेरी झुडूप होतं. त्यांच्या आडोशाला असाण्याचं रोप, चांदाड्याची दोन रोपं, आणि एक इवलंसं, पण चांगलं टवटवीत उंबराचं रोप. यांतलं एकही तिनं लावलेलं नव्हतं.

"कुणी लावलं गं हे?" साळू स्वतःशीच म्हणाली. तिला राहवेना. दुसऱ्या दिवशी भाकरी बांधून घेऊन ती खडकाआड दडून बसली. चोर धरायला बसावं तशी.

उन्हं चढली तसा एक बुलबुल उडत आला. उडून उडून दमला असावा. त्या अख्ख्या उतारावर बसायला तेवढा एकच बुंधा होता. तो टोकावर बसला, इकडेतिकडे बघितलं, शेपटी उचलली, खाली शिटला आणि उडून गेला.

साळू जाऊन बघते, तर त्या शिटेत दोन बारीक बिया!

ती एकदम हसायला लागली. एवढी हसली, की खाली बसावं लागलं. "अरे मेल्या!" ती आभाळाकडे बघून ओरडली. "मी पाणी वाहून वाहून मोडले, आणि तू बसल्या बसल्या बाग लावून गेलास होय!"

त्या दिवशी साळू घरी पळतच आली. "अहो," ती लखूला म्हणाली, "टोपल्या ठेवा बाजूला. वाळक्या काठ्या हव्यात. बांबूचे खांब हवेत. जेवढे मिळतील तेवढे."

"कशाला?"

"डोंगरावर लावायला."

लखूनं तिच्याकडे निरखून पाहिलं. "साळू, वाळक्या काठ्यांना पालवी फुटत नाही गं."

"पालवी नको मला. पाखरांना बसायला जागा हवी. बी ती आणतील."

आणि खरंच, नवराबायकोनं महिनाभर खपून डोंगरभर वाळक्या काठ्या रोवल्या. टोकाला आडव्या कामट्या बांधल्या, पाखरांना पाय टेकता यावेत म्हणून. खालच्या ओढ्याकाठी उंबराची जुनी झाडं होती, त्यांच्या मांडीएवढ्या फांद्या आणून पावसाच्या तोंडावर पुरल्या. उंबर असा गुणी, की फांदी पुरली तरी धरतो. गुरं शिरू नयेत म्हणून काट्यांचं कुंपण घातलं. मग साळूनं आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम केलं. तिनं खुरपं घरी ठेवलं.

गावात हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. "साळू वेडी झाली! वाळकी लाकडं पेरतेय!" पाणवठ्यावरच्या बायका विचारायच्या, "काय गं साळू, यंदा काठ्यांना किती फळ धरलं?" साळूही हसायची. म्हणायची, "धरेल, धरेल. पण ते फळ उडतं, नीट बघावं लागतं."

तिचं तिलाच खरं तर फार जड जात होतं. करवंदांच्या जाळ्या वाढल्या, वेली माजल्या, सगळं एकमेकांत गुंतलं. त्यातून जाताना साळूचे हात शिवशिवायचे. दोन्ही हात पाठीमागे बांधून ती चालायची. लखू मागून म्हणायचा, "धीर धर, धीर धर. एकच वेल आहे. तिच्याकडे बघू नकोस."

पण बघण्यासारखं पुष्कळ होतं. दुसऱ्या वर्षी बुलबुलांच्या जोडीला कोतवाल आले, तांबट आले. तिसऱ्या वर्षी एका सकाळी पायवाटेवरच्या दगडावर विष्ठा पडलेली दिसली, आणि तीत जांभळाच्या आणि भेरली माडाच्या बिया होत्या. उदमांजर येऊन गेलं होतं! साळूला इतका आनंद झाला, की तिनं लखूला हाक मारून ती विष्ठा दाखवली. लखूनं हात जोडले. "आतापर्यंत देवळात नेऊन देव दाखवलास, आता हेच बघायचं राहिलं होतं," तो म्हणाला. पण हसता हसता त्याचेही डोळे भरून आले होते.

चौथ्या वर्षी झुडपांखाली गारवा धरायला लागला. मग साळू पुन्हा देवराईत गेली. तीच बी घेऊन आली, नाण्याची, किंजळाची, रानजायफळाची. या खेपेला तिनं ओळ धरली नाही. जिथं जाळीखाली ओल दिसली, तिथं एकेक बी बोटानं दाबली आणि घरी निघून आली.

त्याच सुमारास राजधानीहून सांगावा आला. राजालाही आता पाणी कमी पडू लागलं होतं. राणीसाहेबांनी ठरवलं होतं, की ज्या गावानं आपला डोंगर उत्तम राखला असेल, त्या गावच्या देवळाला राजवाड्यातला तांब्याचा नगारा द्यायचा. पुढच्या वर्षी माघात त्या स्वतः बघायला येणार होत्या.

शेजारच्या गावानंही आपला डोंगर झाडांनी भरला होता. तिथला मुखी, म्हणजे गावचा प्रमुख, मोठा हुशार. उन्हाला न भिणारी, भराभर वाढणारी एकाच जातीची झाडं त्यानं परमुलखातून आणून लावली होती. सरळसोट खोडं, ओळीत उभी, खाली गवताची काडी नाही. बघणाऱ्याला वाटावं, राजाचे सैनिकच उभे आहेत.

राणी यायला दोन दिवस राहिले, तेव्हा आपा गावकर पन्नास माणसं आणि पन्नास कोयते घेऊन डोंगराच्या पायथ्याशी आला.

"साळू, बाजूला हो. ही सगळी जाळीझुडपं साफ करून घेतो. झाडं तेवढी ठेवतो. राणीसाहेबांना काय हे जंजाळ दाखवायचं?"

साळू कुंपणाच्या तोंडाशी उभी राहिली. "आपा, एकदा आत या. मग काय ते करा."

ती आपाला एका करवंदाच्या जाळीपाशी घेऊन गेली. काट्यांत हात घालून तिनं फांदी वर उचलली. हाताला ओरखडे उठले. खाली, काळ्या ओलसर मातीत, वीतभर उंचीचं रोप उभं होतं. चार पानं, तुकतुकीत.

"हे रानजायफळ. उघड्यावर लावलं, तेव्हा पहिल्याच उन्हाळ्यात जळून गेलं होतं. या काट्यांनी त्याला पोटाशी धरलंय, आपा. जाळी म्हणजे दाई आहे याची. दाईला हाकलून लेकरू कसं जगवणार?"

"आणि नगारा?"

"नगारा नाही मिळायचा," साळू म्हणाली. ती जागची हलली नाही. "मला कळत नाही का, हे वेडंबागडं दिसतं ते? सगळ्या गावात मलाच जास्त खुपतं! पाच वर्षं मी हात बांधून चालतेय इथून. तुम्ही दोन दिवस बांधा."

आपा बराच वेळ त्या चार पानांकडे बघत राहिला. मग वैतागून म्हणाला, "राणीसाहेब चिडल्या, तर उत्तर तू द्यायचंस. आणि गाव तुला जन्मभर बोल लावेल, ते वेगळंच." कोयते परत गेले.

राणीसाहेब आल्या. आधी शेजारच्या डोंगरावर गेल्या. तिथं पालखीतून थेट माथ्यापर्यंत जाता आलं. मग इकडे आल्या. इथं पालखी शिरेना. पायी चालावं लागलं. नऊवारीचा काठ काट्यात अडकला, पायाला चिखल लागला. साळूनं भीत भीत विचारलं, "राणीसाहेब, घटकाभर बसता का? इथं बसलं म्हणजे..."

"नको," राणी म्हणाल्या. बोलणं गोड होतं, पण नाक मुरडलेलं होतं. "तुमचे कष्ट दिसतात हो. पण फारच माजलंय सगळं."

नगारा शेजारच्या गावाला गेला.

दोन वर्षं गावातलं कुणी साळूशी धड बोललं नाही. शेजारच्या गावात आरतीला नगारा वाजला, की तो इकडेही ऐकू यायचा, आणि लोक साळूच्या घराकडे बघायचे. साळूला वाईट वाटायचं. पण ती सकाळी उठून डोंगरावर जायची आणि तिथं ते वाईट वाटणं फार वेळ टिकायचं नाही. रोज काहीतरी नवं दिसायचं. कधी शेकरानं कुरतडलेलं फळ, कधी पिसुरी हरणाच्या बोटाएवढ्या खुरांचे ठसे. उंबर घराएवढे झाले होते आणि बुंध्यापासून फांद्यांपर्यंत फळांनी लगडले होते.

सातव्या वर्षी एक गोष्ट झाली. फाल्गुनात बायका हंडे घेऊन दूरच्या पाणवठ्याला निघाल्या होत्या, तर डोंगरातला झरा अजून वाहत होता. त्या म्हणाल्या, आज वाहतोय, उद्या आटेल. चैत्र आला, झरा वाहतच होता. एका बाईनं हंडा खाली ठेवला आणि धारेखाली हात धरून ती नुसती उभी राहिली. मग तिनं हंडा भरला आणि घरी न जाता थेट साळूच्या दारात नेऊन ठेवला. तिच्यामागून दुसरी आली. दुपारपर्यंत साळूच्या अंगणात तेवीस भरलेले हंडे उभे होते.

"आता काय, आंघोळीच करत बसायच्या का दिवसभर?" लखू म्हणाला, आणि सगळ्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. दोन वर्षांचा अबोला असा सुटला.

त्यानंतर आठवडाभरानं, सकाळी लोक न्याहारीला बसले असताना, डोंगरावरून आवाज आला. भस्स, भस्स, भस्स. आभाळात कुणी लोहाराचा भाता चालवतंय.

आपा गावकर घास तसाच टाकून बाहेर धावला. "धनेश!" तो ओरडला. म्हातारा माणूस, पण लहान पोरासारखा ओरडला. "अरे, धनेश आले!"

सगळं गाव डोंगरावर पळालं. कुणाच्या हाताला पीठ, कुणाच्या पायात एकच वहाण. वर साळू उभी होती. तिनं ओठांवर बोट ठेवलं, तसे सगळे जिथल्या तिथं खाली बसले.

उंबरावर धनेशाचा नर बसला होता. पिवळीधमक चोच, काळेपांढरे पंख. एकेक उंबर तो चोचीच्या टोकात धरायचा, वर उडवायचा आणि अलगद घशात झेलायचा. तो झेल बघून पोरांना हसू आवरेना. आयांनी त्यांची तोंडं दाबून धरली. पोटभर उंबरं घशात साठवून तो उडाला आणि कड्याकडे गेला. कड्याच्या टोकाला एक म्हातारा बेहडा होता. तिथवर कुऱ्हाड पोचू शकली नव्हती, म्हणून वाचलेला. त्याच्या खोडात एक ढोली होती, आणि ढोलीचं तोंड मातीनं लिंपलेलं होतं. मधे फक्त एक बारीक फट. त्या फटीतून एका चोचीचं टोक बाहेर आलं, आणि नरानं घशातलं एकेक उंबर काढून त्या चोचीत ठेवलं.

"म्हणजे जोडी कधीचीच येऊन राहिलीय. मादी आत कोंडून घेऊन अंड्यांवर बसलीय," आपा कुजबुजला. "आता पिल्लू मोठं होईस्तोवर हाच आणून भरवणार. दिवसातून वीस खेपा. म्हणजे इथं खायला पुरेल, याची त्यांना खात्री पटली तर..." तो साळूकडे वळला. "साळू, पन्नास कोयते घेऊन आलो होतो मी."

"परतही तुम्हीच नेलेत, आपा," साळू म्हणाली.

वैशाखात ढोली फुटली. मादी बाहेर आली, मागाहून पिल्लू. त्या दिवशी गावात कुणी ठरवलं नव्हतं, तरी घरोघरी पुरणाच्या पोळ्या झाल्या.

बातमी शेजारच्या गावात गेली. तिथला मुखी एक दिवस स्वतः चालत आला. त्याचा डोंगर अजून तसाच उभा होता, हिरवा, सरळ, झाडून ठेवल्यासारखा. पण तिथलं पाणी परतलं नव्हतं, आणि दुपारी तिथं असं सामसूम असायचं, की माणसाला एकट्यानं बसवत नसे. तो साळूशेजारी खडकावर बसला. बुलबुल बोलत होते, तांबटाची टुकटुक चालली होती, कुठंतरी वानरांचा हूप ऐकू येत होता. बराच वेळ तो नुसता ऐकत बसला.

मग म्हणाला, "साळूबाई, नगारा आमच्याकडे आहे खरा. पण आम्हाला हे हवंय. तुम्ही याल का शिकवायला?"

साळू उत्तर देणार, एवढ्यात डोक्यावरून भस्स भस्स आवाज झाला. धनेशांची जोडी आणि त्यांचं नवं पिल्लू उंबरावर पोट भरून निघाले होते. गावची शीव त्यांना कुठली ठाऊक? ते दरीवरून सरळ पलीकडे गेले आणि मुखीच्या डोंगरावरच्या एका शेंड्यावर जाऊन बसले. नरानं मान वाकवली, आणि घशातून काहीतरी, बीच असणार, काढून खाली टाकलं.

साळू हसत हसत उठली आणि पदर खोचला.

"शिकवायला मी कशाला? ते बघा, माझ्या आधी कामाला लागलेसुद्धा. चला, मुखी, तुमच्या माणसांना आधी एवढंच सांगू या, की उद्यापासून तिथं कुणी झाडलोट करायची नाही."

ऐकणाऱ्यांनी गाठीला बांधावं असं तात्पर्य: रान माणसाला एकट्याला उभं करता येत नाही. ज्यांचं ते घर आहे, त्यांना परत येण्यापुरती जागा करून द्यावी, आणि ते आपल्या पद्धतीनं घर मांडत असताना आपले हात आवरावेत.